दहापैकी तीन

कुंदाबाई कारखानीसांनी आयुष्यात कुणालाही दहापैकी सातपेक्षा अधिक गुण दिले नव्हते, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. मुलुंड पूर्वेच्या एका शाळेत चौतीस वर्षे, त्यांतली शेवटची सोळा मुख्याध्यापिका म्हणून, त्यांनी निबंधांना, रांगोळ्यांना, समूहगीतांना आणि एकदा तर पाहुणे म्हणून आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या भाषणालाही गुण दिले होते. निवृत्तीला अठरा वर्षे उलटली तरी लाल पेन काही हातातून सुटले नव्हते. आता ते इडलीच्या जाळीवर, सोसायटीच्या नोटिशींवर आणि सून शर्मिष्ठेने निवडलेल्या पडद्यांवर चालत असे. घरच्या मंडळींना हे मनापासून आवडते, असा कुंदाबाईंचा समज होता. त्यांचे असे अनेक समज होते. या गोष्टीत त्यांतला एकच मोडतो, कारण एका वेळी त्याहून अधिक मोडणे त्यांच्या प्रकृतीला झेपले नसते.

प्रकरण सुरू झाले ते मोतीबिंदूपासून. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांची पाठोपाठ ऑपरेशने झाली आणि डॉक्टरांनी वाचन बंद केले. पहिल्या चार दिवसांत कुंदाबाईंनी घरातल्या प्रत्येकाला इतके काही ऐकवले की शेवटी नात गार्गी आपले मोठे हेडफोन घेऊन आली आणि तिने ते आजीच्या कानांवर चढवले.

“आजी, हे डोळे मिटूनच ऐकायचं असतं,” ती म्हणाली. “डाउनटेम्पो म्हणतात याला. घाई नसलेलं संगीत. आणि याचाच एक जरा उदास मावसभाऊ आहे, ट्रिप-हॉप.”

“मावसभाऊ उदास का?”

“ऐक म्हणजे कळेल.”

सव्वीस वर्षांची गार्गी अंधेरीत जाहिरातींच्या ध्वनिमुद्रणाचे काम करी आणि अक्षता नावाच्या मैत्रिणीबरोबर तिथेच भाड्याने राही. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तिच्याकडून आजीच्या फोनवर एक गाणे येऊ लागले आणि सोबत दोन ओळींची शिफारस. ‘आजी, हे दुपारी चहाच्या आधी ऐक. यातला बास, म्हणजे खालचा घुमता सूर, कानाला नाही, पोटाला ऐकू येतो.’ किंवा, ‘ही बाई उशीत तोंड खुपसून गाते. मला ऑफिसात रडू आलं तेव्हा मी हे लावलं होतं.’ किंवा नुसतेच, ‘हे तुझ्या बाल्कनीसाठी. कठड्याला टेकून.’

कुंदाबाई प्रत्येक गाणे तीनदा ऐकत. एकदा सर्वसाधारण आकलनासाठी, एकदा दोष शोधण्यासाठी आणि एकदा गुण ठरवण्यासाठी. मग उत्तर पाठवत. ‘६/१०. गायिकेने उशी बाजूला ठेवावी.’ ‘५/१०. ठेका स्वच्छ. आशय संदिग्ध.’ पहिले चार रविवार तर त्या गाणे संपेपर्यंत ताटकळत बसल्या होत्या. ख्याल ऐकण्यात जन्म गेलेला. विलंबित झाले की द्रुत येणारच, या खात्रीने त्या मांडीवर बोट धरून वाट पाहत राहत आणि गाणे होते त्याच चालीने चालत चालत नाहीसे होई. ‘४/१०. द्रुत राहून गेले आहे. पूर्ण करून पुन्हा पाठवणे,’ असा शेरा त्यांनी चारही वेळा मारला. पाचव्या वेळी गार्गीने फोन करून सांगितले की यात द्रुत नसतेच. कुंदाबाईंनी ही माहिती शाळेत नवा अभ्यासक्रम आला की जशी स्वीकारत तशी स्वीकारली, म्हणजे ओठ मुडपून.

मात्र एक गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. शनिवारी संध्याकाळपासूनच त्यांचे लक्ष फोनकडे लागे. रविवारी पावणेदहाला त्या फोन पुसून समोर ठेवत. गाणे संपल्यावर बराच वेळ हेडफोन काढत नसत. आजवरच्या आयुष्यात घंटा, टोल, तास आणि वेळापत्रक यांनी त्यांना उभे केले होते. कशाचीही घाई नसलेले, कुणालाही उभे न करणारे असे काही आपल्याला आवडावे याची त्यांना किंचित लाज वाटे. आणि जिची त्यांना लाज वाटे ती गोष्ट त्या कधी कबूल करत नसत. पसंतीची पावती म्हणून दोनदा सात गुण मात्र त्यांनी दिले होते. एवढ्यावरून पोरीला काय ते समजले असेल, असे त्या धरून चालल्या होत्या.

एकतिसाव्या रविवारी जे गाणे आले त्याची शिफारस अशी होती: ‘आजी, हे अंधेरीतच बनलंय. बनवणारीने अजून स्वतःचं नाव ठरवलेलं नाही. तुला काय वाटतं ते मला हवंय.’

कुंदाबाईंनी ऐकले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे एक खरखर होती, जुन्या कॅसेटीची असते तशी. संथ ठेका आणि त्यावर कुठूनशी विहिरीतून यावी तशी एक सुरावट. ती बरी होती. खरे म्हणजे फारच बरी होती. पण दर थोड्या वेळाने कुणी एक बाई मधेच बोले. आवाज खाली ओढलेला, जड, लांबवलेला. ‘मागच्या रांगेतलं… ऐकू येतं मला.’ पुन्हा ठेका. पुन्हा, ‘ऐकू येतं मला.’

“ही कोण?” कुंदाबाईंनी हेडफोन काढून खोलीला विचारले. “उच्चार स्पष्ट आहेत, नाही म्हणत नाही. पण काय हा ताठा! स्वतःला फार शहाणी समजणारी दिसते.”

समोर त्यांचे यजमान श्यामकांत वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र थरथरू लागले. पंखा जास्त आहे असे वाटून कुंदाबाईंनी तो एकने कमी केला.

पोळ्या करायला येणारी प्रेमा स्वयंपाकघरातून डोकावली. फोनचा आवाज मोठा करून कुंदाबाईंनी दुसरी फेरी चालवली होती, ती तिलाही ऐकू जात होती. “काकू, ह्या गाणा बरा आसा हां. चपात्ये लाटताना हात आपसूक चलतत.”

“त्या बाईचं काय?”

प्रेमाने एकदा श्यामकांतांकडे पाहिले. “त्या बायचा आमी काय बोलतलव,” असे म्हणून ती आत गेली.

कुंदाबाईंच्या मते एखाद्या वहीत चांगला मजकूर असेल आणि शाईचे डाग पडले असतील, तर वही परत करण्याआधी डाग काढून दाखवणे हे शिक्षकाचे कर्तव्य होते. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या देवव्रतला बोलावणे पाठवले. देवव्रत शेहेचाळीस वर्षांचा, अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मोठ्या हुद्द्यावर. पण तो कुंदाबाईंचा माजी विद्यार्थी असल्याने त्यांच्या दारात आला की चपला जोडीने लावून ठेवी.

“ही खरखर काढता येईल?”

“येईल, बाई.”

“आणि ही मधली बाई?”

देवव्रतने गाणे ऐकले. पहिल्याच ‘मागच्या रांगेतलं’वर त्याची मान उडाली. त्याने कुंदाबाईंकडे पाहिले, मग श्यामकांतांकडे, मग जमिनीकडे.

“ही… काढायची, बाई?”

“काढायची.”

“नक्की?”

“देवव्रत, एकदा सांगितलेलं कळत नाही?”

“कळतं, बाई.”

संध्याकाळपर्यंत स्वच्छ केलेले गाणे आले. खरखर गेली, बाई गेली, आणि राहिले ते एखाद्या मोठ्या हॉटेलाच्या लिफ्टमध्ये वाजावे इतके सभ्य. कुंदाबाईंनी ते गार्गीला पाठवले आणि खाली लिहिले: ‘३/१०. खरखर व मधली बाई काढून घेतली आहे. बाई अनावश्यक व अहंमन्य. आता ऐकण्याजोगे झाले. मूळ कलाकर्तीस कळवणे.’

गार्गीचे उत्तर आले, ‘ओके आजी.’

पुढच्या रविवारी काही आले नाही.

त्या रविवारी कुंदाबाईंनी इंटरनेटला दोष दिला. त्याच्या पुढच्या रविवारी फोनला. तिसऱ्या रविवारी त्यांनी मुलाला, केयूरला, फोन बंद करून चालू करायला लावला, आणि तरीही काही आले नाही तेव्हा स्वतः गार्गीला फोन केला. लोणच्याच्या बरणीचे निमित्त केले. गार्गी नीट बोलली, बरणीबद्दल बोलली, प्रकृतीची चौकशी केली आणि म्हणाली, “कामं आहेत गं आजी.” इतके सौजन्य त्या पोरीने आजवर कधी दाखवले नव्हते. शाळेत त्यांनी पाहिले होते: फार हुशार मूल ज्या दिवशी वाद घालायचे थांबते आणि नुसते ‘हो बाई’ म्हणू लागते, त्या दिवशी ते आपल्या हातून गेलेले असते.

चौथ्या रविवारी सकाळी साडेनऊला त्या कोरी वही आणि पेन घेऊन बसल्या.

“काय करतेस?” श्यामकांतांनी विचारले.

“एकतीसच्या एकतीस गाणी पुन्हा ऐकते आहे. तिला आता शिफारस मी करीन. अभ्यासपूर्वक. कुठे काही निसटलं असेल माझ्याकडून.”

श्यामकांतांनी वर्तमानपत्राची घडी केली. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी ही घडी मोजून पाच-सहा वेळा केली असेल.

“कुंदा, एक सांगू? चिडशील.”

“मी कधी चिडते?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या फंदात ते पडले नाहीत. “ती मधली बाई तू आहेस,” ते म्हणाले.

कुंदाबाईंनी पेनाचे टोपण लावले. हे नोंद घेण्यासारखे होते.

“चौऱ्याण्णव सालचा बक्षीस समारंभ. मीच पहिल्या रांगेत बसून टेप केला होता. दिवाळीत गार्गी त्या कॅसेटी घेऊन गेली. तुझा आवाज जरा हळू केलाय तिने, खालच्या पट्टीत. गाणं तिनेच बनवलंय. पहिलंच.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“आजवर बसलोच आहे की. सवय एकदम कशी मोडणार?”

“प्रेमाला माहीत होतं?”

“प्रेमाला कळलं, देवव्रतला कळलं. वॉचमनने ऐकलं असतं तर त्यालाही कळलं असतं.”

यावर कुंदाबाईंनी जे केले ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर फोन लावला. “देवव्रत, आज स्टुडिओ आहे? मग दहा मिनिटांत खाली ये. मला अंधेरीला सोडायचं आहे.”

गाडी पवईच्या सिग्नलला थांबली. मग कुंदाबाई म्हणाल्या, “मूळ गाणं आहे तुझ्याकडे? खरखरीसकट?”

“आहे, बाई. फेकलं नाही मी.”

“लाव.”

गाडीच्या चारही कोपऱ्यांतून ठेका सुरू झाला आणि मग त्या खरखरीतून, एकतीस वर्षांच्या पलीकडून, ती बाई आली. ‘मागच्या रांगेतलं… ऐकू येतं मला.’ चालवता चालवता देवव्रतची पाठ आपोआप ताठ झाली, हे कुंदाबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले. आता ओळखल्यावर तो आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. ‘रांगेतलं’ म्हणताना घेतलेला तो दम, आणि ‘मला’वर दिलेला तो जोर, जणू ऐकू येण्याची सोय परमेश्वराने एकट्या त्यांच्यासाठीच केली होती. बाईला ताठा आहे, ती स्वतःला फार शहाणी समजते, हे परीक्षण अक्षरशः बरोबर होते. फक्त उत्तरपत्रिका कुणाची, ते परीक्षकाला ठाऊक नव्हते.

“तू ओळखलं होतंस,” त्या म्हणाल्या.

“पहिल्याच शब्दाला, बाई.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत. काढ म्हणालात.” मग तो म्हणाला, “मी होतो ना त्या दिवशी हॉलमध्ये. हे वाक्य मलाच होतं. मागच्या रांगेत वेफर्सचं पाकीट फोडत होतो.”

“मग? काय वाटलं होतं तेव्हा?”

“फाटली होती, बाई. सॉरी. भीती वाटली होती.” सिग्नल सुटला. “पण खरं सांगू? बरंही वाटलं होतं. आमच्याकडे तोवर कुणाचं लक्षच नसायचं.”

कुंदाबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. त्या म्हणाल्या, “वेफर्स आणायला बंदी होती.”

“हो, बाई.”

देवव्रत त्यांना दारापाशी उतरवून स्टुडिओकडे गेला. गार्गीचे घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्टवर ‘बंद आहे’ असा कागद होता. वर पोचेपर्यंत कुंदाबाईंनी एक छोटेसे भाषण तयार केले, त्यात ‘दृष्टिकोन’ हा शब्द तीनदा येत होता. दार अक्षताने उघडले, “आजी!” म्हणून ओरडली आणि अंगावर नीटसे कपडे नसल्याप्रमाणे आत पळाली. गार्गी बाहेर आली. खोलीत टेबलावर कीबोर्ड, दोन मोठे स्पीकर, कपड्यांचा ढीग, आणि बसायला म्हणून जमिनीवर एक भलीमोठी निळी पिशवी, थर्माकोलचे दाणे भरलेली. खुर्ची नव्हती. कुंदाबाई पिशवीवर बसल्या आणि बसत बसत बऱ्याच खाली गेल्या. गुडघे हनुवटीच्या पातळीला आल्यावर त्या थांबल्या. या स्थितीतून ‘दृष्टिकोन’ म्हणणे अशक्य होते.

“तू का आलीस इतक्या लांब? फोन करायचास,” गार्गी म्हणाली. अजूनही तसेच सौजन्य.

“ते गाणं तुझं होतं.”

“हो.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर सहा दिले असतेस. नात म्हणून.” ती टेबलाला टेकून उभी राहिली. “जाऊ दे ना आजी. मला कळलं. विचारायला हवं होतं मी. तुझा आवाज न विचारता घेतला, तुला ते आवडलं नाही, म्हणून तू तो काढून टाकायला लावलास. बरोबर आहे तुझं. म्हणजे ‘अहंमन्य’ वगैरे लिहून सांगायची गरज नव्हती, पण मेसेज पोचला.”

कुंदाबाईंच्या समोर, अगदी हाताच्या अंतरावर, एक भव्य सुटका उभी होती. होय, मी ओळखले. होय, माझ्या आवाजाचा असा वापर मला मंजूर नव्हता. मात्र तुझ्या प्रयत्नाचे मला कौतुक आहे. किती भारदस्त. पोरगी माफी मागेल, त्या मोठ्या मनाने देतील, आणि रविवार पुन्हा सुरू होतील. एका शब्दाचे काम होते. दुसरी बाजू अशी की आपण स्वतःला ओळखू शकलो नाही, आणि जिला नावे ठेवली ती आपणच निघालो, हे या पिशवीत रुतून बसल्या बसल्या कबूल करायचे. घरची पोळ्या करणारी ओळखते आणि आपण नाही, हेही.

पण त्या पहिल्या मार्गाने गेल्या तर गार्गी आयुष्यभर असेच समजेल की तिच्या पहिल्या गाण्यातून आजीने स्वतःला जाणूनबुजून खोडले. आणि पुन्हा कधी ती काही ‘मला हवंय’ म्हणून पाठवणार नाही. पाठवील ती नुसती गाणी.

“मी ओळखलं नाही,” कुंदाबाई म्हणाल्या.

“काय?”

“मोठ्याने सांगायला लावू नकोस. मला तो आवाज ओळखू आला नाही. वाटलं कुणीतरी आगाऊ बाई आहे. तुझ्या आजोबांसमोर मी तिला नावं ठेवली. त्यांनी वर्तमानपत्र हलवलं, मी पंखा कमी केला.”

“तू स्वतःलाच… तीन दिलेस?”

“त्यातला एक ठेक्याचा होता.”

आतल्या खोलीतून अक्षताचा खिंकाळल्यासारखा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. गार्गीने तोंडावर हात धरला, पण उपयोग झाला नाही. ती टेबल सोडून जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अनावश्यक व अहंमन्य!” ती म्हणाली आणि पुन्हा हसली. “मूळ कलाकर्तीस कळवणे! अगं आजी!” हसता हसता तिचे नाक लाल झाले आणि एका क्षणी ते हसणे राहिले नाही, दुसरेच काही झाले, मग तिने बाहीला नाक पुसले. कुंदाबाईंनी रुमालाचा विषय काढला नाही.

“मी चार आठवडे काही केलंच नाही,” गार्गी म्हणाली. “फाईल उघडवेना.”

“सुरावट चांगली आहे,” कुंदाबाई म्हणाल्या. हे त्यांनी कधी केले नसल्याने वाक्य जरा अडखळत निघाले. “विहिरीतून येते तशी. मी ती तीनदाऐवजी सातदा ऐकली. आणि ती बाईसुद्धा ठेव. आहे तशीच आहे ती. आता काय करणार?”

“हे तू शेऱ्यात लिहिलं नव्हतंस.”

“नव्हतं लिहिलं.”

गार्गी उठली. कीबोर्डपाशी जाऊन तिने काहीतरी शोधले. “यापुढे मी तुला फोनवर काही पाठवणार नाही,” ती म्हणाली. “ऐकायचं असेल तर इथे यायचं. माझ्यासमोर बसून. मग काय बोलायचं ते बोल.”

“दर रविवारी? मुलुंडहून?”

“देवव्रतकाका येतातच की. आणि मी तुझ्यासाठी गाणी शोधून आणते, ती काय शेजारून आणते?” तिने दिवा मंद केला. “हे ऐक. दोन भाऊ आहेत, खूप थंडीच्या गावातले. जवळजवळ नऊ मिनिटं काहीच घडत नाही. मला त्यातलं काही न घडणंच आवडतं. मी घर शोधत होते ना इथे, तेव्हा रिक्षात बसून रोज हेच ऐकायची.”

कुंदाबाईंनी डोळे मिटले. स्पीकरमधून आधी नुसती हवा आल्यासारखे झाले, मग फार खालून एक धक्का, मग दुसरा, आणि पिशवीतले दाणे त्यांच्या पाठीखाली हलके हलके थरथरू लागले. पहिली चार मिनिटे त्या विचार करत होत्या की यातून उठायचे कसे. गार्गीने एक हात धरायचा, अक्षताने दुसरा, आणि मधे पदर सांभाळायला तिसरे कुणी लागणार. पाचव्या मिनिटाला हा विचार कुठेतरी निघून गेला.

गाणे संपले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. खाली रस्त्यावरून कुणीतरी दोनदा हॉर्न दिला. गार्गीने खिडकीतून वाकून पाहिले.

“देवव्रतकाका आलेत न्यायला. उठवू का तुला?”

“त्याला वर बोलाव,” कुंदाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “चपला बाहेर काढून ये म्हणावं. आणि याच भावांचं आणखी काही असेल तर लाव.”